अंध विद्यार्थ्याचें पुस्तक

महाविद्यालयांत शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्याचा विषय निघाला कीं, सुशिक्षित घरांतूनहि प्रथम आठवतो तो परीक्षेंतील लेखनिक. विद्यार्थी उत्तर सांगतो, शेजारी बसलेला लेखनिक तें उतरून घेतो, आणि तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस चार तास मिळतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनीं दर तासामागें निदान २० मिनिटें अधिक द्यावीं असें ठरविलें होतें. ह्या वाढीव वेळेस सवलत म्हणण्याची रूढि आहे. ती यथार्थ नाहीं. डोळस मुलगा आपण लिहिलेल्या परिच्छेदावरून क्षणांत नजर फिरवितो. अंध मुलास तोच परिच्छेद वाचवून घ्यावा लागतो, ध्यानांत ठेवावा लागतो, आणि दुरुस्ति पुन्हा तोंडीं सांगावी लागते. वेळ जातो तो ह्या हेलपाट्यांत.

तथापि खरी नड परीक्षेच्या दिवसाची नव्हे. सत्राच्या आरंभीं पुस्तकांची यादी सांगितली जाते, तेव्हांच ती सुरू होते. लुई ब्रेल ह्या फ्रेंच गृहस्थानें १८२९ सालीं प्रसिद्ध केलेली टिंबांची लिपि ‘भारती ब्रेल’च्या रूपानें मराठीसहि लाभली आहे; पण बेताचा ग्रंथ ब्रेलमध्यें उतरला कीं त्याचे जाडजूड खंड होतात, आणि पदवीच्या वर्गाचीं सर्व पुस्तकें अशीं कोठून मिळणार? म्हणून पुष्कळ विद्यार्थी संगणकाकडे वळतात. ‘स्क्रीन रीडर’ नांवाची आज्ञावली पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविते. ‘एनव्हीडीए’ ही त्यांतील एक तर विनामूल्य मिळते.

मेख येथेंच आहे. प्राध्यापक टिपणाचें छायाचित्र काढून पाठवितात. माणसाच्या डोळ्यांस त्यांत अक्षरें दिसतात, यंत्राला मात्र केवळ चित्र मिळतें. चित्रांतून अक्षरें ओळखणारीं साधनें आहेत खरीं, परंतु पुसट छपाई आणि हस्ताक्षर यांपाशीं तीं अडखळतात. मराठीची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मजकूर पडद्यावर निर्मळ देवनागरी दिसतो, पण यंत्राच्या पोटांत तो रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या संकेतांनीं सांठविलेला असतो. तो ऐकूं जावें तर ज्ञानेश्वरीवरील विवेचनाऐवजीं निरर्थक कडबोळें कानीं पडतें. तेंच टिपण युनिकोडमध्यें लिहिण्यास प्राध्यापकाला फारसे अधिक श्रम पडत नाहींत. मग तें कां होऊं नये, हें समजणें कठीण आहे.

कायद्याची आडकाठी म्हणावी, तर तीहि उरलेली नाहीं. अपंग वाचकांसाठीं, नफा न घेतां, ग्रंथ सुलभ स्वरूपांत उतरविण्याची मोकळीक २०१२ च्या दुरुस्तीनें कॉपीराइटच्या कायद्यांत आली. २०१४ सालीं माराकेश करारास अनुमति देणारें पहिलें राष्ट्र भारतच होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानें सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत शेंकडा ५ जागा राखल्या. पण जागा मिळाली आणि पुस्तक वाचतां आलें नाहीं, तर तो प्रवेश नांवाचाच.

वर्गांतील बोलण्याचेंहि तसेंच. अर्थशास्त्राचे अध्यापक फळ्याकडे बोट करून ‘ही रेषा येथून अशी येते’ म्हणतात, तेव्हां अंध मुलाच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. ‘किंमत उतरली कीं मागणी वाढते, म्हणून रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते’ एवढें म्हटलें कीं आकृति त्याच्यापर्यंत पोंचते. टिपणांविषयींहि असाच सोपा उपाय आहे: धाडण्यापूर्वीं तें एकदां संगणकाकडून वाचवून ऐकावें. कडबोळें ऐकूं आलें, तर दुसऱ्या दिवशींच्या तासापूर्वीं दुरुस्त करतां येतें.