टोपण लाव, रोबोबा!

पेनाचं टोपण काढा. आता डोळे मिटून परत लावा बरं! लागलं ना? आधी जरासं कडेला टेकलं असेल, मग बोटांनी आपसूक सरकवलं आणि टक्क! हेच काम कारखान्यातल्या रोबोला सांगितलं, की भल्याभल्या इंजिनिअरांना घाम फुटतो.

यंत्रं जोडताना सारखं हेच करावं लागतं: हा दांडा त्या भोकात बसव, ही पिन त्या खाचेत घाल. आणि भोक तरी केवढं? दांड्याहून केसभर मोठं! दांडा किंचित तिरका आला की अडलाच. रोबोला ते कळत नाही. तो आणखी जोर लावतो आणि दांडा पक्का रुतून बसतो. आजीच्या लाकडी कपाटाचा खण एकाच कोपऱ्याला धरून ढकलून बघा, तोही अस्साच रुसतो.

1970 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या ड्रेपर प्रयोगशाळेत या रुसव्याचा कसून अभ्यास झाला. मग तिथल्या संशोधकांनी रोबोला काय दिलं असेल? मोठ्ठा मेंदू? छे! मऊ मनगट! रबर आणि धातू यांचे एकाआड एक थर असलेले ठोकळे. त्यात ना मोटर, ना कॅमेरा. भोकाच्या तोंडाला थोडा उतार ठेवायचा. दांडा त्या उतारावर टेकला की मनगट बाजूला सरकतं, आत तिरका झाला की वळून त्याला सरळ करतं. हात ढकलतो मागून, पण दांडा असा वागतो जणू कुणी त्याचं पुढचं टोक धरून आत ओढतंय. मला तर कॅमेऱ्यांपेक्षा ही युक्तीच जास्त हुशारीची वाटते.

पुढे 2018 मध्ये सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातल्या दोन रोबो-हातांनी आयकिया कंपनीच्या लाकडी खुर्चीची चौकट जोडली. त्यांच्या मनगटात जोर मोजणारे सेन्सर होते. लाकडी खुंटी फळीवरून सरकवत, चाचपत ते भोक शोधायचे. अगदी तुम्ही टोपण लावलंत तसं. जोडायला लागली 8 मिनिटं 55 सेकंदं. पण त्याआधी, हातांची टक्कर होऊ नये म्हणून, 11 मिनिटं 21 सेकंदं नुसता विचार!

आणि कुठला तुकडा कुठे, कशानंतर काय जोडायचं, हे सगळं त्यांना माणसांनीच आधी लिहून दिलं होतं.