न सरकणारे आतडे : पुनःशस्त्रकर्मापूर्वीचे प्रतिमापरीक्षण

पूर्वी एकदोनदा पोटाचे शस्त्रकर्म झालेले रुग्ण आपल्याकडे बहुधा आनाह, आध्मान, मलबद्धता ह्या तक्रारी घेऊन येतात. जुन्या व्रणाची खूण आपण पाहतो, केसपेपरवर नोंदवितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही अनेक वर्षे असेच घडत आले.

दोन सिझेरियन आणि त्यानंतर गर्भाशय काढण्याचे शस्त्रकर्म झालेल्या एक बाई माझ्या चिकित्सेत होत्या. जेवणानंतर नाभीखाली पिळवटल्यासारख्या वेदना होत आणि कुशीवर वळले की त्या कमी होत. सोनोग्राफीचा अहवाल निर्दोष होता. त्यावर विसंबून मी वातानुलोमनाची चिकित्सा चालू ठेवली. पुढे जुन्या व्रणाच्या जागी हर्निया झाला व शस्त्रकर्म ठरले. शल्यचिकित्सकांनीही तोच अहवाल पाहिला होता. पोट उघडताना व्रणाच्या मागे घट्ट चिकटलेले लहान आतडे पहिल्याच छेदात फाटले. जाळी बसविण्याचा बेत सोडून आतडे शिवावे लागले आणि बाईंना नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. त्या वाचल्या. त्यांच्या मुलाने मला विचारले, ‘वैद्यराज, सोनोग्राफीत तर सगळं ठीक होतं ना?’

अहवाल खोटा नव्हता. यकृत, पित्ताशय, वृक्क जसे आहेत तसे त्यात लिहिले होते. आतडे पोटाच्या भिंतीला चिकटले आहे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

शस्त्रकर्मात उदरावरणाचा स्तर दुखावला की काही तासांतच तेथे फायब्रिनचे जाळे साचते. रक्तपुरवठा पुरेसा असेल तर शरीर ते काही दिवसांत विरघळवून टाकते. तसे न झाल्यास त्यात तंतू व सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरतात आणि कायमचे बंध तयार होतात. ह्यांनाच अ‍ॅडहेशन म्हणतात. आपल्या देशात उदरातील क्षयरोगानेही असे बंध होतात, हे विसरता कामा नये. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोट वा कटिराचे शस्त्रकर्म झालेल्या २९,७९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्ण अ‍ॅडहेशनशी संबंधित असू शकणाऱ्या कारणांनी किंवा पोटाच्या पुढील शस्त्रकर्मासाठी सरासरी दोनदा पुन्हा रुग्णालयात दाखल झाले. नेदरलँड्समधील नायमेखेन येथून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुन्हा पोट उघडलेल्या २७० रुग्णांपैकी ५२ जणांचे आतडे अनवधानाने फाटले होते. म्हणजे साधारण पाचांत एक. माझ्या रुग्णेच्या बाबतीत जे घडले त्याला केवळ दुर्दैव म्हणणे त्यामुळे मला जड जाते.

हे बंध बहुधा पातळ पापुद्र्यासारखे असल्याने नेहमीच्या तपासणीत दिसत नाहीत. दिसतो तो त्यांचा परिणाम, म्हणजे हालचालीचा अभाव. दीर्घ श्वास घेतला की श्वासपटल खाली येते आणि आतडी पोटाच्या भिंतीमागून वरखाली सरकतात. निरोगी पोटात हे सरकणे कित्येक सेंटिमीटर असते. ते १ सेंमीहून कमी भरले तर तेथे काहीतरी अडकले आहे असा संशय घ्यावा. अमेरिकेतील शल्यचिकित्सक बर्नार्ड सिगेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही पद्धत मांडली. तिला वेगळे यंत्र लागत नाही. प्रोब एका जागी स्थिर धरायचा, रुग्णास दीर्घ श्वास घ्यावयास सांगायचे, सरकणे मोजायचे आणि पोटाचे भाग पाडून एकेक भाग पाहायचा. काम थोड्या मिनिटांचे आहे, परंतु गर्दीच्या केंद्रात सांगितल्याशिवाय ते होत नाही.

ह्या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पोटाच्या पुढच्या भिंतीला चिकटलेलेच आतडे तिने कळते. आतड्यांची वेटोळी परस्परांत गुंतली असतील तर कळत नाही. ओटीपोटात सरकणे मुळातच कमी असते. मेदस्वी रुग्णात चित्र अस्पष्ट येते आणि तपासणाऱ्याच्या हातावर बरेच अवलंबून राहते. सिने-एमआरआयमध्ये रुग्णास कुंथावयास लावून एकापाठोपाठ चित्रे घेतात; त्यात खोलवरचे गुंतलेले भागही कळू शकतात व किरणोत्सर्गही नसतो. मात्र ही तपासणी मोजक्या ठिकाणी होते व खर्चिक आहे. सीटी स्कॅन आतडे अडले असता कोठे अडले ते चांगले दाखवितो. बंध मात्र त्यातही बहुधा अनुमानानेच ठरतो.

शल्यचिकित्सकास ह्याचा उपयोग आत शिरण्याची जागा ठरविण्यासाठी होतो. दुर्बिणीच्या शस्त्रकर्मात पहिला छेद बहुधा नाभीपाशी असतो आणि मधल्या जुन्या व्रणाखाली नेमकी तीच जागा धोक्याची असते. तेथे सरकणे नसेल तर डाव्या बरगड्यांच्या कडेखाली सुमारे ३ सेंमीवर, अक्षकास्थीच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर, आत शिरतात. फ्रेंच स्त्रीरोगतज्ज्ञ राऊल पामर ह्यांच्या नावाने हे स्थान ओळखले जाते. बद्धगुदोदराच्या शस्त्रकर्मात सुश्रुताचार्यांनीही नाभीखाली, रोमराजीच्या डावीकडे चार अंगुळे सोडून छेद सांगितला आहे. दोहोंचे हेतू निराळे आहेत, तेव्हा त्यांचे नाते जोडण्याचा अट्टहास नको.

हल्ली अशा रुग्णास पाठविताना मी चिठ्ठीत पूर्वीची सर्व शस्त्रकर्मे, त्यांची वर्षे व व्रणाची जागा लिहितो, आणि खाली एक वाक्य घालतो : ‘व्रणाखाली व नाभीपाशी आतड्याचे सरकणे पाहून कळवावे.’ जुने डिस्चार्ज कार्ड सोबत जोडतो. असे बंध काढ्याने वा गुग्गुळाने विरघळतात असे मी कोणास सांगत नाही. तसा पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठीही येथे काही आहे. पोटावर जुना व्रण, थांबून थांबून येणारी कळ, उलटी, फुगलेले पोट आणि वायू न सरणे अशा माणसाला रेचक चूर्ण देऊ नये. त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. बद्धोदरात आस्थापन बस्ती वर्ज्य, हे चरक सिद्धिस्थानात आपण सर्वांनीच वाचले आहे. काउंटरवर विकल्या जाणाऱ्या पुडीलाही तोच विचार लागू पडतो.

गेल्या वर्षी पित्ताशयाच्या शस्त्रकर्मासाठी निघालेल्या एका गृहस्थांना मी अशीच चिठ्ठी दिली. वीस वर्षांपूर्वी त्यांचे पोट मध्यरेषेवर उघडले होते. सोनोलॉजिस्टांनी प्रथम मला दूरध्वनी करून हे कशासाठी असे विचारले, मग तपासणी केली. नाभीपाशी सरकणे जवळजवळ शून्य, डाव्या बरगडीखाली ४ सेंमी, असे त्यांनी हाताने आकृती काढून कळविले. शल्यचिकित्सक बरगडीखालून आत शिरले. नाभीमागे वपा आणि आतड्याचे एक वेटोळे चिकटलेले त्यांना दिसले; ते त्यांनी तसेच राहू दिले व पित्ताशय काढले. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. ते गृहस्थ तिसऱ्या दिवशी घरी आले.