शहरी गाडीचा ऑइल फिल्टर

ऑइल पंप इंजिनच्या तळाच्या चेंबरमधून ऑइल ओढतो आणि इंजिनभर पाठवतो. क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत जाण्याआधी ते ज्या कागदातून गाळले जाते, तो कागद ऑइल फिल्टरमध्ये असतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला ऑइलचा थर चालत्या इंजिनात काही मायक्रॉन इतकाच जाड असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, म्हणजे या थराच्या कितीतरी पट जाड. थराच्या जाडीएवढे कण सर्वांत घातक ठरतात. त्याहून बारीक कण थरातून निसटून जातात आणि फार मोठे कण फटीत शिरतच नाहीत. पाच ते वीस-पंचवीस मायक्रॉनचे कण मात्र दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी चरे पाडतात. हे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे ऑइल काळे झाले की खराब आणि स्वच्छ दिसले की चांगले, हा गॅरेजमधला सरसकट निकष अपुरा आहे.

सुरुवातीच्या मोटारींत फिल्टर नव्हताच. पंपाच्या तोंडाशी एक जाळी असे आणि ऑइल वारंवार बदलावे लागे. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी 1923 च्या सुमारास ‘प्युरोलेटर’ नावाचा फिल्टर तयार केला आणि 1924 च्या क्रायस्लर गाडीत तो बसवला गेला. त्या काळच्या रचनेत ऑइलचा थोडाच भाग गाळला जाई. पुढे सर्व ऑइल फिल्टरमधूनच बेअरिंगांकडे जाईल अशी रचना आली आणि 1950 च्या दशकात हाताने फिरवून बसवायचा पत्र्याचा डबा रूढ झाला. मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांची या डब्याशी ओळख झाली ती मुख्यतः डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 नंतर.

फिल्टर निवडण्याआधी गाडी कशी चालते ते पाहावे लागते. मध्य मुंबईत, प्रभादेवीतल्या गाडीचे उदाहरण घेता येईल. सकाळी सयानी रोडवरून शाळा, मग दादरचा बाजार, संध्याकाळी वरळी किंवा लोअर परळ. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या गर्दीमुळे रस्ते तुंबतात. सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाल्यावर पूर्व-पश्चिम जाण्याचा वळसा आणखी वाढला. अशा गाडीचा सरासरी वेग ताशी 15 किलोमीटर धरला, तर 10,000 किलोमीटर होईपर्यंत इंजिन सुमारे 667 तास चाललेले असते. मुंबई-पुणे महामार्गावर ताशी 60 च्या सरासरीने तेवढेच अंतर सुमारे 167 तासांत होते. किलोमीटरचा आकडा दोन्हीकडे एकच दिसतो, पण शहरातल्या ऑइलने आणि फिल्टरने चौपट काम केलेले असते. शिवाय तीन-चार किलोमीटरच्या फेरीत ऑइल पुरेसे तापत नाही. त्यात उतरलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडून जात नाही, आणि गाळ साचतो. पेट्रोल गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत साधारणपणे 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत असते, पण छोट्या फेऱ्या, धूळ आणि कोंडी यांसाठी त्याच पुस्तिकेत वेगळी, कमी मुदत दिलेली असते. मध्य मुंबईतल्या बहुतेक गाड्या त्या दुसऱ्या वर्गात मोडतात. ही ओळ क्वचितच वाचली जाते, आणि नुकसानाची सुरुवात बहुधा तिथेच होते.

या वापरात डब्याच्या आतला सर्वांत महत्त्वाचा भाग कागद नसून रबराची एक चकती आहे. इंजिन बंद झाले की फिल्टरमधले ऑइल खाली चेंबरमध्ये परतू पाहते. ही चकती झडप म्हणून त्याला अडवते. अनेक गाड्यांत फिल्टर आडवा किंवा तिरका बसतो, आणि तिथे झडपेशिवाय डबा रिकामा होतोच. मग पुढच्या वेळी इंजिन सुरू केल्यावर आधी डबा भरतो आणि त्यानंतर ऑइल वर पोहोचते. मधले काही क्षण कॅमशाफ्ट आणि टॅपेट जवळजवळ कोरडे फिरतात, आणि सकाळच्या पहिल्या सेल्फला ऐकू येणारी खडखड बऱ्याचदा त्याचीच असते. महामार्गावरची गाडी दिवसातून एक-दोनदा सुरू होते, तर शहरातली तीच गाडी सहा-आठदा. म्हणून शहरी गाडीत या झडपेची परीक्षा सर्वाधिक वेळा होते. ती साध्या नायट्राइल रबराची असली तर उष्णतेने हळूहळू कडक होते आणि नीट बसत नाही. सिलिकॉनची झडप जास्त काळ मऊ राहते. फिल्टरच्या बाहेरच्या बारीक भोकांतून आत पाहिल्यास ती दिसते. सिलिकॉनची बहुधा नारिंगी किंवा लाल असते, नायट्राइलची काळी. रंग हा खात्रीचा पुरावा नव्हे, पण दुकानात उभ्या उभ्या करता येणारी ही एक तपासणी आहे.

दुसरी झडप बायपासची. कागद तुंबला किंवा ऑइल फार घट्ट असले, तर ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे सोडते, कारण बेअरिंगला ऑइल अजिबात न मिळण्यापेक्षा मळके मिळालेले बरे. काही इंजिनांत ही झडप फिल्टरमध्ये असते, काहींत इंजिनच्या ब्लॉकमध्ये. ती किती दाबाला उघडावी हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेले असते. थंड प्रदेशात पहाटे ऑइल गोठल्यासारखे जाड होते म्हणून ती वारंवार उघडते. मुंबईच्या हवेत ते कारण क्वचितच लागू पडते. इथे बायपास उघडला तर बहुधा फिल्टर वेळेवर बदललेला नसतो. स्प्रिंग कमकुवत असलेल्या स्वस्त फिल्टरमध्ये मात्र तो उगाचच उघडा राहतो. मग कागद नवाकोरा राहतो, ऑइल मळके फिरत राहते, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

कागदाबद्दल जाहिराती सर्वाधिक बोलतात. ‘20 मायक्रॉनचा फिल्टर’ एवढे म्हणणे अर्धवट आहे. 20 मायक्रॉनच्या शंभर कणांपैकी किती अडले, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. निम्मे अडले तरी तो आकडा छापता येतो, नव्व्याण्णव अडले तरी छापता येतो. आयएसओ 4548-12 या चाचणीत प्रमाणित धूळ मिसळलेले ऑइल फिल्टरमधून फिरवत ठेवतात आणि आधीचे व नंतरचे कण मोजतात. त्या चाचणीचा उल्लेख करून टक्केवारी देणारा उत्पादक अधिक विश्वासार्ह. जनरल मोटर्सच्या संशोधनातून 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, 40 मायक्रॉनच्या तुलनेत 30 मायक्रॉनच्या गाळणीने इंजिनची झीज निम्म्याने घटली आणि 15 मायक्रॉनच्या गाळणीने सुमारे 70 टक्क्यांनी. पण बारीक गाळणारा कागद पुरेशा क्षेत्रफळाचा नसेल तर लवकर तुंबतो. निव्वळ सेल्युलोजच्या कागदापेक्षा कृत्रिम तंतू मिसळलेला कागद कमी अडथळ्यात अधिक धूळ सामावून घेतो. घड्या एकसारख्या आणि भरपूर असणे हेही त्यासाठीच.

याआधीचा, आणि सर्वांत कठोर, निकष मापाचा आहे. फिल्टरच्या आट्यांची दोन मापे बाजारात फार चालतात, मेट्रिक 20 मिलिमीटर आणि इंची पाऊण इंच. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. 20 मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंची नळीवर फिरून बसल्यासारखा वाटतो, पण आटे नीट पकड घेत नाहीत आणि दाबाखाली डबा निखळू शकतो. म्हणून ‘बसतोय ना’ हा पुरावा धरू नये. गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिन यांवरून पार्ट नंबर जुळवावा. डबाच नसलेली इंजिनेही आहेत. पुण्याजवळ रांजणगावला बनलेले आणि अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसलेले 1.3 लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. त्यात कायमच्या घरट्यात फक्त कागदी गाभा बदलतात. तिथे गाभ्यासोबतची रबरी रिंगही दर वेळी नवी लागते. डिझेलची काजळी एक मायक्रॉनहूनही बारीक असल्याने कोणताच साधा फिल्टर ती पुरेशी अडवू शकत नाही. तिच्यासाठी ऑइलच बदलावे लागते.

प्रभादेवीकरांची खरेदी बहुधा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, नाहीतर ऑपेरा हाउस परिसरातल्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत होते. कंपनीच्या नावाचा फिल्टरही बहुतेकदा फिल्टर बनवणारा वेगळा कारखानाच पुरवतो. त्यामुळे त्याच दर्जाच्या नामांकित फिल्टर-उत्पादकाचा माल हा उत्तम पर्याय असतो. खरा धोका नकली मालाचा. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे 2011 च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. यातले काही गाळलेले असेल, छपाई पुसट असेल, खोक्यावरचा आणि डब्यावरचा क्रमांक वेगळा असेल, तर तो फिल्टर घेऊ नये. पक्के बिल मागावे. छोट्या गाडीचा फिल्टर काही शे रुपयांचा असतो आणि इंजिन उघडण्याचा खर्च हजारोंत जातो, म्हणून इथली बचत कुणाच्याही फायद्याची नाही.

बसवताना नव्या सीलला बोटाने ऑइल लावावे, जुने सील ब्लॉकला चिकटून राहिले नाही ना ते पाहावे, आणि सील टेकल्यावर डब्यावर लिहिल्याप्रमाणे, बहुधा पाऊण फेरा, हातानेच आवळावे. पान्याने आवळलेला डबा पुढच्या वेळी निघत नाही.

पावसाळ्याचा नियम वेगळा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो गाड्या बुडाल्या. दादरजवळच्या हिंदमाता परिसरात तर कमी पावसातही पाणी भरते. इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर सेल्फ मारू नये. आधी ऑइल तपासावे. ते दुधाळ झाले असेल तर ऑइलसोबत फिल्टरही टाकून द्यावा, कारण कागद पाण्याने फुगतो आणि मऊ पडतो.

काढलेल्या फिल्टरमध्ये बरेच ऑइल उरते. तो काही तास उलटा ठेवून ऑइल निथळू द्यावे. वापरलेले ऑइल आणि त्याने माखलेला फिल्टर हे घातक कचऱ्यात मोडतात, आणि वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी एप्रिल 2024 पासून उत्पादकांवरही आली आहे. म्हणून ते अधिकृत संकलकाला माल देणाऱ्या गॅरेजकडेच सोपवावे. पर्जन्यजलाच्या गटारात ओतलेले ऑइल प्रभादेवीत कुठल्याही प्रक्रियेविना थेट माहीमच्या उपसागराकडे जाते.