पंच्याऐंशी जागांचा हिशेब

अमेरिकेतल्या विद्यापीठीय फुटबॉलमध्ये सर्वांत वरच्या श्रेणीच्या संघाला २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत एका वेळी फार तर ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत असे. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, अंगावर चिलखत चढवून खेळायचा अमेरिकी खेळ. मर्यादा घालणारी संस्था एनसीएए, म्हणजे तिथल्या विद्यापीठीय खेळांची नियामक संघटना. आणि वरची श्रेणी म्हणजे एफबीएस, जिच्यात सुमारे १३५ विद्यापीठे आहेत. शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क, राहणे, जेवण, पुस्तके असा जवळजवळ सगळा खर्च येतो. अमेरिकेत हा खर्च सामान्य घराला न झेपणारा आहे. म्हणून ८५ हा आकडा प्रशिक्षकाच्या दृष्टीने संघबांधणीचा असला, तरी अठरा वर्षांच्या मुलासाठी तो कर्जाशिवाय पदवी मिळणार की नाही याचा प्रश्न होता.

मैदानावर एका वेळी अकराच जण उतरतात, तरी इतके खेळाडू लागतात, कारण या खेळात आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे आणि चेंडूला लाथ मारणारे आणखी वेगळे असतात. अंगावर आदळण्याचा खेळ असल्याने दुखापती रोजच्याच. एनएफएलमधल्या व्यावसायिक संघाची मुख्य यादी ५३ जणांची असते, पण त्याला भर हंगामात नवा खेळाडू करारबद्ध करता येतो. विद्यापीठाला ती सोय नाही. ऑगस्टमध्ये जे हाताशी असतील त्यांच्यावरच हिवाळ्यापर्यंत निभावून न्यावे लागते.

१९७३ पूर्वी देशपातळीवर अशी मर्यादाच नव्हती. विद्यापीठांचे गट, ज्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आपापल्या सभासदांवर काही बंधने घालत. बाकीच्यांना रान मोकळे होते. पैसेवाली विद्यापीठे गरजेपेक्षा कितीतरी जास्त मुले घेत आणि त्यांतली बरीच मुले चार वर्षे बाकावर बसून काढत. चांगला मुलगा आपल्याकडे नुसता बसला तरी हरकत नाही, प्रतिस्पर्ध्याकडून खेळता कामा नये, हाही विचार त्यामागे असे. मोठ्या भरतीने काय साधते ते पिट्सबर्ग विद्यापीठाने दाखवले. १९७२ मध्ये हा संघ अकरापैकी दहा सामने हरला होता. नवे प्रशिक्षक जॉनी मेजर्स यांनी १९७३ मध्ये, नवे निर्बंध पूर्ण अमलात येण्याआधी, भली मोठी भरती केली. तिच्यात चेंडू घेऊन धावणारा टोनी डॉरसेट होता. १९७६ मध्ये पिट्सबर्गने एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

१९७३ च्या नियमाने एकूण १०५ आणि दर वर्षी नव्या ३० शिष्यवृत्त्या अशी दुहेरी मर्यादा आली. १९७८ मध्ये एकूण आकडा ९५ झाला. १९९२ पासून तो टप्प्याटप्प्याने ९२, ८८ आणि शेवटी १९९४ मध्ये ८५ वर आला. वार्षिक भरतीची मर्यादाही २५ झाली. खर्चाला आवर घालणे आणि गुणी मुले चार-दोन संघांत साचू न देणे ही कारणे होतीच. शिवाय १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी केली होती, आणि फुटबॉलमध्ये मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांच्या तोलाची तरतूद मुलींसाठी इतर खेळांतून करावी लागे. मुलींच्या नौकानयनाला २० शिष्यवृत्त्यांची मुभा मिळाली ती याच गरजेतून.

एफबीएसमधली मोजणी डोकी धरून होई. एखाद्याला अर्धी शिष्यवृत्ती दिली तरी पूर्ण एक जागा खर्ची पडे, त्यामुळे अर्धी कुणी देतच नसे. त्याखालच्या एफसीएस श्रेणीत ६३ शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम जास्तीत जास्त ८५ खेळाडूंत वाटता येई. या दोन्ही श्रेणी एनसीएएच्या पहिल्या विभागातल्या; दुसऱ्या विभागात ३६ शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम असे. तिसऱ्या विभागात क्रीडाशिष्यवृत्तीच नाही. हार्वर्ड, येल यांच्या आयव्ही लीगमध्येही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. मदत मिळते ती घरच्या आर्थिक गरजेनुसार.

खरी गुंतागुंत ८५ आणि २५ या दोन आकड्यांच्या मेळात होती. दर वर्षी २५ मुले घेतली तर चार वर्षांत शंभर होतात. त्यात खेळाडूला पाच वर्षांच्या अवधीत चार हंगाम खेळता येत. पहिले वर्ष नुसत्या सरावात घालवून अंगात ताकद आणणाऱ्या मुलाला ‘रेडशर्ट’ म्हणतात; २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष हिशेबात न धरण्याची सवलत मिळाली. पण रेडशर्ट मुलगा पाचही वर्षे ८५ मधली जागा अडवत असे. म्हणजे पूर्ण भरती आणि पूर्ण कार्यकाळ या दोन्ही गोष्टी ८५ मध्ये मावतच नसत. ज्याने पंचवीसच्या पंचवीस जागा भरल्या, त्याने मधूनच काही मुले गळतील हे गृहीतच धरलेले असे. काही अभ्यासात मागे पडत, काहींना घरची ओढ लागे, काही दुखापतीने थांबत, काही शाळा सोडून तीन वर्षे झाली की एनएफएलकडे जात. कोणत्या वर्षी किती गळतील आणि कोणत्या जागेवरचे, याचा अंदाज बांधणे हे प्रशिक्षकाच्या कार्यालयातले नाजूक काम होते.

या अंदाजात एक फट होती. शाळकरी खेळाडू फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी संमतीपत्रावर सह्या करत, पण ८५ ची मोजणी ऑगस्टमध्ये, सराव सुरू होताना होई. मधल्या सहा महिन्यांत कुणीतरी जाईलच या भरवशावर काही प्रशिक्षक जागांपेक्षा जास्त मुलांच्या सह्या घेत. कुणी गेले नाही, तर कुणाला तरी घालवणे भाग पडे. ते सोपेही होते, कारण १९७३ पासून २०१२ पर्यंत शिष्यवृत्ती एकेका वर्षापुरतीच मिळे आणि तिचे नूतनीकरण बहुतांशी प्रशिक्षकाच्या मर्जीवर असे. नव्या मुलाला पुढच्या जानेवारीत ये, असे सांगून त्याची नोंद पुढच्या वर्षाच्या भरतीत केली जाई, हा ‘ग्रेशर्ट’. दुखापतीमुळे खेळण्यास कायमचा अपात्र ठरलेल्याची शिष्यवृत्ती चालू राही, पण तो ८५ मध्ये मोजला जात नसे. हा नियम माणुसकीचा होता. तरीही जागा मोकळी करण्यासाठी त्याचा वापर होत असल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. अंदाज प्रशिक्षकाचा चुकायचा आणि त्याची किंमत विद्यार्थ्याने मोजायची, हा या पद्धतीतला उघड अन्याय होता.

२००९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाने एका वर्षात ३७ जणांच्या सह्या घेतल्या तेव्हा हा प्रकार देशभर गाजला. त्यांच्या कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने, सह्यांवर २८ ची मर्यादा घातली आणि दोन वर्षांनी ती २५ वर आणली. २०१७ मध्ये एनसीएएने सर्वांनाच २५ ची कडक मर्यादा लावली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लवकर सही करण्याची सोयही सुरू झाली. २०१५ मध्ये पाच श्रीमंत कॉन्फरन्सेसनी निव्वळ खेळातल्या कामगिरीवरून शिष्यवृत्ती काढून घेण्यावर बंदी आणली होती. ही सुधारणा उशिरा झाली, पण मोलाची होती.

जागांची किंमत शिक्षेतही दिसते. रेगी बुश या खेळाडूला मिळालेल्या गैरलाभांच्या प्रकरणात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०१० मध्ये ३० शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या. तीन वर्षे दर वर्षी फक्त १५ नव्या मुलांना घ्यायचे आणि एकूण ७५ च्या वर जायचे नाही. अशी शिक्षा तीन वर्षांत संपत नाही, कारण पंधराजणांची एक बारीक तुकडी चार-पाच वर्षे संघात राहते आणि तितकी वर्षे उणीव भासते.

शिष्यवृत्तीच्या यादीबाहेर ‘वॉक-ऑन’ खेळाडू असतात. ते स्वतःच्या खर्चाने शिकतात, सराव मात्र इतरांइतकाच करतात. संघांची एकूण संख्या त्यांच्यामुळेच अनेक ठिकाणी सव्वाशेच्या आसपास जाई. बेकर मेफिल्ड टेक्सस टेकमध्ये आणि नंतर ओक्लाहोमात वॉक-ऑन म्हणूनच आला आणि २०१७ मध्ये सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाचा मानकरी ठरला. जॉर्जियाचा स्टेट्सन बेनेट याने वॉक-ऑन म्हणून सुरुवात करून संघाला २०२१ आणि २०२२ च्या हंगामांत लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. भरती करणाऱ्यांची नजर किती चुकू शकते याची ही उदाहरणे आहेत, आणि वॉक-ऑनच्या या दाराचे महत्त्व त्यांतूनच कळते.

२०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची ऑनलाइन नोंदवही सुरू झाली. २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रसिद्धीवर पैसे कमावण्याची मोकळीक मिळाली. आता वीस जण एकदम जाऊ लागले आणि २५ ची मर्यादा संघांच्या गळ्याशी आली; गेलेल्यांची आणि पदवी घेतलेल्यांची जागा भरून निघेना. एनसीएएने आधी सात जादा जागा दिल्या, २०२२ मध्ये वार्षिक मर्यादा तात्पुरती उठवली आणि २०२३ मध्ये कायमची रद्द केली. कोलोरॅडो विद्यापीठाचा संघ २०२२ मध्ये बारापैकी एकच सामना जिंकला होता. नवे प्रशिक्षक डीऑन सँडर्स यांनी पुढच्या हंगामात जवळजवळ सगळी यादीच बदलली. संघ चार सामने जिंकला, पण निम्म्याहून अधिक हरलाच. ज्यांना जावे लागले त्यांच्यापैकी अनेकांना शिक्षणाची घडी दुसरीकडे नव्याने बसवावी लागली.

८५ चा आकडा मोडला तो न्यायालयात. ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातल्या समझोत्याला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजुरी दिली आणि १ जुलैपासून तो लागू झाला. त्यानुसार शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली आणि संघाच्या एकूण संख्येवर मर्यादा आली. फुटबॉलसाठी ती १०५ आहे. या सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, किंवा रक्कम विभागून अर्धी-पाव देता येते. विद्यापीठाला सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून २०२५-२६ मध्ये सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट पैसेही वाटता येतात; पूर्वीच्या मर्यादेवर दिलेल्या नव्या शिष्यवृत्त्यांचा खर्च २५ लाख डॉलरपर्यंत त्याच रकमेत धरला जातो. म्हणून प्रशिक्षकाच्या जोडीला आता व्यावसायिक संघांसारखा जनरल मॅनेजर नेमण्याची पद्धत रुळली आहे. समझोता न स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना जुनीच शिष्यवृत्तीमर्यादा आहे.

या बदलात शिष्यवृत्तीधारकांचे भले झाले, तोटा झाला वॉक-ऑन मुलांचा. समझोता मंजूर होण्याआधीच संघांनी १०५ चा हिशेब धरून मुलांना काढायला सुरुवात केली होती. विल्कन यांनी एप्रिलमध्ये याच मुद्द्यावर मंजुरी अडवून धरली. त्यानंतर जागा गेलेल्या मुलांना त्यांच्या उरलेल्या कार्यकाळात १०५ मध्ये न मोजता परत घेण्याची मुभा मिळाली. घ्यायचे की नाही, हे मात्र विद्यापीठाने ठरवायचे. ही सवलत त्या मुलांपुरतीच आहे. पुढच्या पिढीतल्या वॉक-ऑनला १०५ मध्येच जागा शोधावी लागेल, आणि ती यादी हंगामाच्या पहिल्या सामन्यापर्यंत पक्की व्हावी लागते. पोर्टलची मुदतही आता जानेवारीतल्या एका पंधरवड्यापुरती ठेवली आहे. ऑगस्टमध्ये ज्याचे नाव कटले त्याला त्या वर्षी दुसरा संघ गाठायला वेळ उरत नाही.