राजुऱ्याला यायचं तर महिना आधी ठरवा

राजुऱ्याला येणारे पाहुणे बहुतेक दोन प्रकारचे. एक, सिमेंट किंवा कोळशाच्या कामानं आलेले. दुसरे, ताडोबाला आलेले आणि मंगळवारी अडकलेले. ताडोबाची सफारी मंगळवारी बंद असते. हे मुक्कामाची खोली घेतल्यावर कळतं, मग हातात एक मोकळा दिवस उरतो आणि कुणीतरी सांगतं की तासा-दीड तासावर राजुरा आहे, तिकडे गड आहे, डोंगर आहे, जाऊन या. आमच्या घरच्या दोन खोल्यांत उतरणारी मंडळी बरीचशी अशीच आलेली. येतात, संध्याकाळपर्यंत गड, धरण, देऊळ 'करून' टाकतात आणि जाताना म्हणतात, 'छान आहे, पण एका दिवसात होतं.' एका दिवसात होतं, हे खरंच. पण तो दिवस मे महिन्यातला होता की कार्तिकातला, यावर सगळं आहे. म्हणून कुणी 'काय-काय बघायचं?' असं विचारलं की मी उलट विचारतो, 'येताय केव्हा?'

आधी यायचं कसं ते सांगतो. आपलं स्टेशन बल्लारशाह. दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या मुख्य मार्गावरचं हे जंक्शन. इथे मध्य रेल्वे संपते आणि दक्षिण मध्य रेल्वे सुरू होते. इथून काझीपेठपर्यंतचा दुवा १९२९ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा दिल्ली आणि मद्रास थेट जोडले गेले. गाडीतून उतरलात की बाहेर पळायची घाई करू नका. वाघ, हरणं, मोर यांच्या चित्रांनी रंगवलेल्या भिंती बघा. २०१८ साली रेल्वे मंत्रालयाच्या सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन स्टेशनांना मिळून पहिला क्रमांक मिळाला होता. बल्लारपूरच्या लाकूड डेपोचंही नाव आता दूरवर गेलंय. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान इथूनच रवाना झालं. स्टेशनवरून राजुरा दहा-बारा किलोमीटर. एसटी मिळते, ऑटो मिळतो. ऑटोत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या, हे सांगायला नको.

वाटेत वर्धा नदीचा पूल लागतो. १९४७ पर्यंत नदीच्या अलीकडे इंग्रजांचा मध्य प्रांत होता आणि पलीकडे, १९४८ पर्यंत, निजामाचं राज्य. राजुरा हा तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका. पोलीस कारवाईनंतर तो भारतात आला, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. म्हणजे माझ्या वडिलांच्या पिढीनं घर न बदलता तीन जिल्हे बघितले. बाकी विदर्भात १७ सप्टेंबर ही साधी तारीख असते, राजुऱ्यात मात्र मराठवाड्यासारखा त्या दिवशी मुक्तिदिनाचा झेंडा लागतो. बाजारात जरा कान उघडे ठेवले तर मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा बोली आणि हैदराबादी वळणाची हिंदी, एवढं सगळं एका भाजीच्या ढिगाभोवती ऐकू येतं. कोरपना आणि जिवती हे शेजारचे तालुकेही पूर्वी राजुऱ्याचेच होते. त्यामुळे म्हातारी माणसं अजून 'आपल्या तालुक्यात' म्हणतात तेव्हा त्यात हे तिन्ही येतात, आणि या लेखातही येतील.

आता पावसाळ्याचं. मृगाच्या सरी पडून गेल्या की राजुरा सुंदर दिसतो, यात वाद नाही. बाजारात तरोटा येतो, मग काटवलं, सात्या, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. वास्त्यांची भाजी करायला वेळ लागतो, चिरून पाण्यात ठेवावे लागतात, ते पाणी फेकावं लागतं. ज्या घरात ती मिळेल तिथे 'थोडीच वाढा' म्हणू नका. पण पावसाळ्यातली खरी गोष्ट म्हणजे पूल. वर पाऊस झाला, धरणांची दारं उघडली की वर्धा फुगते आणि राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद होतो. गडचांदूरकडून भोयगावमार्गे चंद्रपूरला जायची दुसरी वाट आहे, पण तिथेही हीच नदी आडवी येते. जुलै २०२२ मध्ये असंच झालं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला माणिकगडचे डोंगर, मध्ये फुगलेले नाले, आणि मधोमध आम्ही. अशा वेळी राजुरा हे बेट होतं, आणि बेटावर राहणाऱ्यांची एक सवय आम्हाला आपोआप लागलेली आहे : जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही कुणालाही परतीचं तिकीट घट्ट धरून बोलावत नाही. यायचंच असेल तर हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवा. गडचांदूरजवळचा अमलनाला भरून वाहायला लागला की रविवारी तिथे जत्रा भरते. बघा, भजी खा, पण सांडव्याच्या पाण्यात उतरू नका. वरून पाणी उथळ दिसतं, खाली शेवाळ असतं, आणि तिथे पाय घसरला की सावरायला काही नसतं.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. येऊ नका. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि नवतपा सुरू झाला की दुपारी गावात कुत्रंही दिसत नाही. ताडोबाला जाणाऱ्यांना उन्हाळाच हवा असतो, कारण पाणवठ्यावर वाघ दिसतो. त्यांनी खुशाल जावं. पण आमच्या डोंगरातल्या वाटा त्या उन्हात चालण्यासारख्या नाहीत. कामासाठी यावंच लागलं तर सकाळी अकरापर्यंत काम उरका, डोक्याला दुपट्टा बांधा, खिशात कांदा ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पन्हं आणि ज्वारीची आंबील नाही म्हणू नका.

उन्हाळ्यातल्या जंगलाला आणखी एक बाजू आहे, ती पाहुण्याला माहीत असायला हवी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, मेमध्ये तेंदूपत्ता तोडणी. बायामाणसं पहाटे अंधारात जंगलात शिरतात, वाकून वेचतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. राजुरा-विरूर भागात आरटी-१ नावाच्या वाघानं किमान आठ जणांचा बळी घेतला. महिनोन्महिने माणसं शेतावर जायला घाबरत होती. मध्य चांदा वनविभागाच्या पथकानं २७ ऑक्टोबर २०२० ला त्याला जेरबंद केलं आणि गोरेवाड्याला पाठवलं. तो गेला म्हणजे वाघ संपले, असं नाही. म्हणून आमच्याकडचा नियम साधा आहे. दिवस मावळल्यावर जंगलातल्या रस्त्यानं दुचाकी नाही. लघवीला गाडी थांबवायची तर गावात थांबवायची. आणि गुराख्यानं 'आज तिकडे जाऊ नका साहेब' म्हटलं तर कारण विचारत बसायचं नाही. वाघ दिसलाच तर मोबाइल काढून चित्रफीत घेण्याऐवजी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता हिवाळा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे दिवस आमचे. या काळात राजुऱ्याहून सकाळी लवकर निघा आणि गडचांदूरच्या रस्त्याला लागा. विसेक किलोमीटरच्या या रस्त्यावर तुमच्या पुढेमागे ट्रकच ट्रक असतील. सास्तीच्या खुल्या खाणीतला कोळसा आणि गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीचं सिमेंट, दोन्ही याच भागातलं. अंगणात वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी घरात घेताना झटकावं लागतं, हे आमच्या घरच्या बायका तुम्हाला न विचारता सांगतील. पण या धुळीखालची जमीन बघण्यासारखी आहे. सास्तीचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. गडचांदूरकडचा चुनखडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा. तासाभराच्या प्रवासात पृथ्वीच्या वयाचा एवढा मोठा तुकडा चाकाखालून जातो, आणि आम्ही त्याला 'गडचांदूर रोड' म्हणतो.

गडचांदूरहून पुढे जिवतीचा घाट चढला की हवा बदलते. याच डोंगरात माणिकगड आहे. परंपरेनं तो माना नाग राजांच्या काळातला, पुढे गोंड राजांकडे गेलेला. तटाचे दगड अजून आहेत, दरवाजा आहे, बाकी बरंचसं झाडीनं गिळलेलं. तिथे जाताना वनखात्याला विचारायचं, वाटाड्या घ्यायचा आणि दुपारच्या जेवणाआधी परतायचं, या तिन्ही गोष्टी पाळा. राजुऱ्यातलं सोमेश्वराचं जुनं देऊळ आणि तालुक्यातलं सिद्धेश्वर इथलं मंदिरही बघून घ्या. सिद्धेश्वरला पडके खांब आणि कोरलेले दगड झाडांत विखुरलेले आहेत, तिथे बसायचं असेल तर बसा, पण दगड उचलून घरी न्यायचा मोह नको.

जिवतीच्या पठारावर गुडे म्हणजे वस्त्या आहेत, गोंडांच्या आणि कोलामांच्या. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित आदिवासी म्हणून तीन जमाती मानल्या जातात, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांच्या वस्तीत मध्ये एक चावडी असते, गावाचे निर्णय तिथे होतात. तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तर आधी तिथे जा, 'कुठून आले, कशाला आले' हे सांगा. थेट कुणाच्या ओसरीवर कॅमेरा घेऊन चढलेले पाहुणे मी बघितलेत, आणि त्यांना पाणी विचारलं गेलं नाही हेही बघितलंय. या पठारावर १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत, त्यामुळे एका गावात नांदेडची मराठी, दुसऱ्यात गोंडी असं चालतं. तेलंगणाच्या सीमेवरच्या चौदा गावांची गोष्ट तर वेगळीच. दोन्ही राज्यं त्यांच्यावर हक्क सांगतात. लोक दोन्हीकडे मतदान करतात, दोन्हीकडची रेशन कार्डं बाळगतात. त्यांना 'तुम्ही नक्की कुठले?' असं विचारू नका, हा प्रश्न त्यांनी पुष्कळ ऐकलाय.

आणि आता जे खरं सांगायचं होतं ते. दिवाळीच्या आगेमागे आठवडा-दहा दिवस राजुरा, जिवती, कोरपना आणि पलीकडच्या आदिलाबाद भागातल्या गोंड गावांत दंडारी असते. एका गावची मंडळी ढोल, तुडुम, पेपरे घेऊन दुसऱ्या गावी जातात. तिथे त्यांचं स्वागत, मुक्काम, जेवण, नाच, आणि कधीकधी सोयरीकही जुळते. यातले घुसाडी बघायला मिळाले तर बघाच. डोक्यावर मोरपिसांचा मोठा डेरेदार मुकुट, त्यात शिंगं, अंगाला राख, गळ्यात माळा, कमरेला घुंगरू, हातात काठी. हे लोक त्या दिवसांत आंघोळ करत नाहीत, जमिनीवर झोपतात, आणि गावासाठी ते त्या काळापुरते देवाचे असतात. मुकुट जमिनीवर ठेवत नाहीत. कुणी तो हातात घेऊन सेल्फी मागितली तर मोठ्यांचे चेहरे बदलतात. फोटो काढायचा असेल तर गावच्या पाटलाला किंवा म्होरक्याला विचारा, चपला बाहेर काढा, आणि 'पुन्हा एकदा नाचून दाखवा' हे वाक्य घरी ठेवून या. हा कार्यक्रम नाही, त्यांची पूजा आहे.

हा नाच जगाला माहीत व्हायला वेळ लागला. १९४० च्या दशकात ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादच्या मारलावई गावी गोंडांमध्ये राहिला, त्यांच्यावर त्यानं ग्रंथ लिहिला. तेव्हा राजुरा त्याच जिल्ह्यात होता. त्याच मारलावईच्या कनका राजू यांना घुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, ते गेले.

जेवणाचं राहिलं. हिवाळ्यात कुणी 'शेतावर रोडगे आहेत' म्हटलं तर दुसरा कुठलाही बेत रद्द करा. जाड दळलेल्या गव्हाची घट्ट कणीक, तिचे थर करून वळलेले गोळे, पेटलेल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायला टाकतात. बाहेरून काळपट झाले की फडक्यात घेऊन झटकायचे, तळहातानं फोडायचे, आत तूप ओतायचं, आणि वर वांग्याची भाजी, जिच्यावर लाल तर्री तरंगत असते. जोडीला वरण. रोडगा चमच्यानं खायचा नसतो. पहिला संपताना दुसरा ताटात पडलेला असेल, तेव्हा पहिल्यालाच जरा हात आखडता घ्या. सकाळच्या नाश्त्याला चण्याच्या रश्शाचे तर्री पोहे आहेतच, आणि संध्याकाळी सांबारवडी. टपरीवर प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटला जाणारा सुपारी-तंबाखूचा खर्रा कुणीतरी प्रेमानं पुढे करेल. हात जोडून नाही म्हणा, कुणाला राग येत नाही. इथून पुढे गडचिरोलीला जाणार असाल तर लक्षात ठेवा, चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी २०२१ मध्ये उठली, पण गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी आजही आहे. गाडीत बाटली ठेवून तो जिल्हा ओलांडू नका.

मच्छरदाणी आमच्याकडे असते, तरी मच्छर पळवणारं मलम सोबत आणा. आठवडी बाजार कोणत्या गावी कोणत्या दिवशी आहे ते आल्या-आल्या विचारा. तेवढ्यावर एक अख्खी सकाळ निघते, आणि एखाद्या रिकाम्या देवळापेक्षा ती सकाळ जास्त शिकवते. दिवाळीत येणार असाल तर पंधरा दिवस आधी कळवा. कोणत्या गावची दंडारी कोणत्या दिवशी कुठे जाणार हे तिथल्या माणसांना आधीच माहीत असतं, पण ते कुठे छापून येत नाही, विचारावं लागतं. आणि मंगळवारी येऊ नका असं मी म्हणत नाही, फक्त एका दिवसाचं तिकीट काढून येऊ नका.