कबुली म्हणजे पश्चात्ताप नव्हे

आरोपीने गुन्हा कबूल केला की शिक्षा कमी होणारच, असा समज सर्रास आढळतो. जळगावचे उज्ज्वल निकम यांनी सरकारतर्फे चालवलेला २६/११ च्या मुंबई हल्ल्याचा खटला या समजाला छेद देतो. २० जुलै २००९ रोजी, साक्षीपुरावे चालू असतानाच, आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात आरोपी अजमल कसाब उभा राहिला आणि त्याने गुन्हा कबूल केला. पण त्या निवेदनात बराचसा दोष त्याने मारला गेलेला साथीदार अबू इस्माईल याच्यावर ढकलला होता. शिक्षा सौम्य व्हावी म्हणून दिलेली ही अर्धवट कबुली आहे, असा आक्षेप निकम यांनी घेतला. न्यायाधीश टहलियानी यांनी ती नोंदीवर ठेवली, मात्र तेवढ्यावर निकाल न देता खटला पुढे चालवला. नंतर कसाबने कबुली फिरवली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट नोंदवले, की त्याने पश्चात्ताप कधीच दाखवला नाही. कबुली आणि पश्चात्ताप या दोन गोष्टी आहेत आणि न्यायालयाने त्या वेगवेगळ्याच तोलल्या पाहिजेत.

हा फरक सामान्य माणसाला अधिक भोवतो. जळगाव-धुळे महामार्गावरील अपघातात कुणी दगावले, की चालकावर निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याचा गुन्हा दाखल होतो. नव्या भारतीय न्याय संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तारखांना कंटाळलेला, वकिलाची फी न परवडणारा चालक ‘कबूल करून मोकळा हो’ हा सल्ला ऐकतो. पण साध्या कबुलीवर दोषी ठरल्यावर अपिलात ‘मी निर्दोष आहे’ म्हणायची वाट बहुतांशी बंद होते. उरतो तो फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढाच वाद. कर्नाटकातील अशाच एका प्रकरणात आरोपीने कबुली दिली, दंडावर सुटका झाली आणि वरच्या न्यायालयाने थेट तुरुंगवास दिला. सौम्य शिक्षेच्या आशेवर कबुली घ्यायची आणि अपिलात ती वाढवायची, हे घटनेच्या एकविसाव्या कलमाला धरून नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

खटले तुंबले असताना कबुलीला सवलत नको का, असा प्रश्न रास्त आहे. सवलत जरूर असावी, पण उघड आणि लेखी. २००६ पासून लागू असलेल्या ‘प्ली बार्गेनिंग’मध्ये तशी सोय आहे: सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे बरेच गुन्हे त्यात येतात, आरोपीचा अर्ज स्वखुशीचा आहे का हे न्यायाधीश त्याला एकट्याला विचारून पाहतात, पीडितही वाटाघाटीत असतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला, किमान शिक्षा ठरलेली नसेल तर, कमाल शिक्षेच्या एक-षष्ठांशापर्यंत शिक्षा देता येते. वरील चालकाच्या बाबतीत ती दहा महिने होईल. मात्र हा मोबदला वाचलेल्या वेळेचा आहे. मन बदलल्याचा तो पुरावा नव्हे.

पश्चात्ताप नसणे हे शिक्षा वाढवण्याचे कारण मानावे काय, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मी गुन्हा केलाच नाही म्हणणारा माणूस पश्चात्ताप कसला दाखवणार? त्याच्या नकाराची शिक्षा त्याला मिळाली, तर बचावाचा हक्क नावापुरता उरेल. म्हणून पश्चात्तापाने शिक्षा उतरावी, त्याच्या अभावाने ती चढू नये. आणि तो शब्दांत न शोधता वागण्यात शोधावा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचनसिंग निकालाने सुधारणेची शक्यता पाहायला सांगितले, तर २०२२ च्या मनोज निकालाने फाशीच्या खटल्यांत तुरुंगातील वर्तनाचा अहवाल मागवणे आवश्यक ठरवले. हीच शिस्त छोट्या खटल्यांतही हवी. जळगाव-धुळ्याच्या सत्र न्यायालयात किंवा औरंगाबाद खंडपीठात अपील येते, तेव्हा शिक्षा होऊन काळ लोटलेला असतो. त्या काळात जखमीच्या घरी मदत पोचली का, भरपाई दिली का, तुरुंगात वर्तन कसे राहिले, हे कागदावर तपासता येते. गुन्हा कबूल करताना काढलेल्या अश्रूंपेक्षा हा पुरावा शिक्षेचे माप अधिक नेमके ठरवतो आणि तो मागण्याचा अधिकार अपिलाच्या न्यायालयाने दर वेळी वापरायला हवा.