लागणीच्या नोंदीपासून गव्हाणीपर्यंत



"लागण दोघांची एकाच आठवड्यातली, मग शेजाऱ्याचा ऊस आधी कसा तुटला?" हा प्रश्न दर हंगामात गट ऑफिसात ऐकू येतो. पुष्कळदा त्याचं उत्तर लागणीच्या नोंदीतच असतं. म्हणून तोडणीची पाळी कशी ठरते, ते आपण समजून घेऊ.

शेतकी खात्याला तुमचा ऊस कळतो तो नोंदीवरून. क्षेत्र, जात, लागणीची तारीख आणि हंगाम पाहून पाळी लागते. आडसाली ऊस पक्व व्हायला साधारण १६ ते १८ महिने लागतात, पूर्वहंगामीला १४ ते १५, सुरूला १२ आणि खोडव्याला ११ ते १२. तारीख महिनाभर चुकली, तर कोणाचा कच्चा ऊस तुटतो आणि कोणाचा पक्व ऊस फडात उभा राहतो.

दुसरा निरोप गव्हाणीकडून निघतो. रोज २,५०० टन गाळणाऱ्या कारखान्याला तासाला सुमारे १०४ टन ऊस लागतो, रात्रीसुद्धा. ऊस कमी पडला तर मिल थांबते, खर्च मात्र चालूच. जास्त आला तर गाड्यांची रांग लागते आणि तोडलेला ऊस वाळतो. वजन घटतं ते ज्याचा ऊस त्याचं. उतारा घटतो तो सगळ्यांचा. म्हणून मिल बंद पडली की ही गोष्ट शेतकी खात्याला, तिथून चिटबॉयला आणि मुकादमाला ताबडतोब कळली पाहिजे. मधे एकानं निरोप अडवला, की टोळी तोडतच राहते.

तिसरा निरोप तुमच्याकडून यायचा. ऊस लोळला, जळाला, बेण्याला दिला किंवा गाडीवाट बंद झाली, तर पाळी येण्याची वाट न पाहता गट ऑफिसला कळवा.

आता कामाचं. नोंद झाल्यावर तारीख आणि क्षेत्र स्वतः वाचून पाहा. चूक दिसली तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हंगामापर्यंत कोणाच्या ध्यानात राहत नाही. आणि पाळीची यादी गट ऑफिसात सर्वांना दिसेल अशी लावलेली असावी, पाळी बदलली तर कारणासह. यादी झाकलेली असली, की खरी अडचणसुद्धा वशिला वाटते. ती प्रत्येक सभासदानं मागावी.